ज्याचा त्याचा आकडा

"हाताला गुण नसेल तर माणसानं या धंद्यात पडू नये," डॉ. वंदना रामटेके म्हणाल्या आणि हातातली काचेची ताटली त्यांनी टेबलावर जरा जोरातच ठेवली.

ताटलीत धानाची रोपं असायला हवी होती. प्रत्यक्षात होता करडा चिखल, आणि वास असा की खिडकी उघडावी लागली. समोर आचल कापगते मान खाली घालून उभी होती. साकोलीकडची धानउत्पादकाची मुलगी, मॅडमची संशोधक विद्यार्थिनी. मॅडमनी तिला बी.एस्सी.च्या वर्गातून हेरलं होतं, आपल्या घरी ठेवून घेऊन प्रवेश परीक्षेची तयारी करून घेतली होती. म्हणूनच राग जास्त होता. परक्याच्या पोरीवर माणूस एवढं कशाला चिडेल?

"मॅडम, पेपरात लिहिलं हाय, तसंच करून राहिली ना मी."

"तसंच केलं असतंस तर बुरशी जगली असती."

"मंग एक डाव तुम्ही करून दाखवा ना."

त्या प्रयोगशाळेत विचारायचा नाही असा एकच प्रश्न होता, आणि पोरीनं नेमका तोच विचारला. मॅडमच्या गुरूंपासून तिथं एक रीत चालत आली होती. नव्या विद्यार्थ्यानं आधी गाइडचा जुना गाजलेला प्रयोग करून दाखवायचा, तोही फक्त छापील लेख वाचून. काही विचारायचं नाही, कुणी हात धरून दाखवायचं नाही. लेखावरून प्रयोग जमला तरच लेख खरा आणि विद्यार्थीही खरा. विचारून विचारूनच करायचं असेल तर घरी बसून लोणची घाला, असं गुरुजी म्हणत. त्यांचं आणखी एक वाक्य मॅडमच्या अंगात भिनलं होतं : आठवणीवर विसंबू नका, नोंद पाहा.

"पुढच्या महिन्यात प्रगतीसभा आहे," मॅडम म्हणाल्या. "तोपर्यंत जमलं नाही, तर मला 'अपात्र' लिहावं लागेल. मग तू गावी, मी इथं."

आचलनं ताटली उचलली आणि ती निघून गेली.

प्रयोग होता तो 'राखणदारा'चा. धानावर करपा नावाचा रोग पडतो. तीही एक बुरशीच. मॅडमना ऐन उमेदीत दुसरी एक बुरशी सापडली होती. ती धानाच्या कोंबात शिरते, पण कोंबाला खात नाही. नुसती जागा अडवून बसते. बसच्या सीटवर कुणी रुमाल टाकून ठेवावा आणि मागून आलेल्यानं मुकाट उभं राहावं, तसं करप्याचं होतं. म्हणून तिचं नाव राखणदार. अडचण एकच होती. बियाणं गोदामात कोरडं पडून असतं आणि तेवढ्या दिवसांत राखणदार उपाशी मरतो. मॅडमनी त्यावर तोड काढली. पेरणीपर्यंत त्याला झोपवायचं. बुरशीला ठरावीक वेळ ठरावीक ऊब दिली की ती घाबरून स्वतःभोवती कवच विणते आणि निजते. पाणी लागलं की जागी होते. ऊब कमी पडली तर अर्धवट झोपेत ती खात राहते आणि अन्न संपलं की मरते. जास्त झाली तर भाजून मरते. आणि राखणदार मेला की प्रयोगात सोडलेला करपा रोपांचा चिखल करून टाकतो. सगळी करामत त्या एका अंशात होती.

पण जे राखणदाराला झोपवतं, ते करप्यालाही झोपवू शकतं. निजलेला करपा पुडीत बांधून कुठंही नेता येतो. दूरच्या एका देशात कुणीतरी तसं केलं आणि एका मोसमात अख्ख्या प्रांताचा भात काळा पडला. तेव्हापासून जगभरच्या विद्यापीठांत सुरक्षेची पावलं उचलली गेली. वैनगंगेच्या काठच्या या विद्यापीठालाही तारांचं कुंपण आलं, फाटकावर यंत्रं आली, प्रयोग जमला की फसला ते टिपणारी प्रयोगशाळांतही बसली. देशातले सगळे शोधनिबंध, प्रबंध, प्रयोगांच्या जुन्या वह्या गोळा करून एका संगणकीय 'ज्ञानकोठी'त भरल्या गेल्या आणि कागद लगद्याला गेले. वाचायचं ते कोठीतूनच, आपापलं कार्ड लावून. विद्यार्थ्यांना पांढरं कार्ड, विभागप्रमुखांना हिरवं, सुरक्षा अधिष्ठात्यांना काळं. कार्डांनी दारं उघडतात, एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं. मॅडमना तर ही व्यवस्था आवडलीच होती. पूर्वी लायब्ररीत पाहिजे तो अंक नेमका गायब असायचा.

एक गोष्ट मात्र त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. कोठी आल्यानंतर एकदा त्यांनी हौसेनं आपलाच प्रयोग पुन्हा करून पाहिला होता. लेख समोर ठेवून, अक्षरन् अक्षर पाळून. राखणदार मेला. पुन्हा केला, पुन्हा मेला. वय झालं, हात गेला, असं म्हणून त्यांनी प्रयोगशाळेचा कोट खुंटीला अडकवला आणि त्या नुसत्या विभागप्रमुख होऊन बसल्या. हात गेलेल्या माणसाला दुसऱ्याच्या हाताचा दोष फार लवकर दिसतो.

दहा-बारा दिवसांनी आचल केबिनमध्ये आली तेव्हा तिच्या हातातली ताटली हिरवीगार होती.

मॅडमनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. रोपं बोटभर उंच, ताठ. त्यांनी एक रोप उपटून भिंगाखाली धरलं. कोंबात राखणदाराचे धागे जाळी विणून आरामात बसले होते.

"जमलं गं! बघ, मी म्हणत नव्हते? नीट पेपर वाचला असतास तर—"

"पेपर सोडला म्हणून जमलं, मॅडम."

"म्हणजे?"

"पेपरातल्या उबेनं ते मरूनच राहिलं होतं. मी कंटाळली. मंग एका रांगेत नळ्या लावल्या, दर नळीला एक अंश जास्त. एकोणचाळीसवर हे असं उठलं. बाकी सगळ्या मेल्या."

"एकोणचाळीस?" मॅडमचा आवाज चढला. "पेपरात एकेचाळीस आहे, आणि तू सांगतेस एकोणचाळीसला जगलं? एकेचाळीसवर करून तरी पाहिलंस का आधी?"

"पेपरात एकेचाळीस कुठं हाय, मॅडम? चौतीस हाय."

"माझा लेख तू मला शिकवू नकोस, आचल."

आचलनं आपला टॅब पुढे केला. मॅडमनी आपल्या संगणकावर तोच लेख उघडला. दोन्ही स्क्रीन शेजारी शेजारी ठेवले. तेच शीर्षक, तेच 'वंदना रामटेके', आकृतीच्या कोपऱ्यात तोच शाईचा डाग, जो छपाईच्या वेळी पडला म्हणून मॅडमनी तेव्हा संपादकांशी भांडण काढलं होतं. तिसऱ्या परिच्छेदात डावीकडे लिहिलं होतं एकेचाळीस अंश. उजवीकडे चौतीस अंश. आलेखसुद्धा तसाच सरकलेला, त्याचं टोक बरोबर चौतिसावर.

"तुझं कार्ड इथं लाव," मॅडम म्हणाल्या.

आचलनं मॅडमच्या संगणकाला आपलं पांढरं कार्ड लावलं. पान क्षणभर लुकलुकलं आणि एकेचाळिसाचे चौतीस झाले. मॅडमनी हिरवं लावलं. एकेचाळीस. पांढरं. चौतीस.

मॅडमनी दोन्ही कार्डं शेजारी शेजारी ठेवली. त्या खुर्चीत बसल्या आणि कितीतरी वेळ नुसत्या त्या पांढऱ्या कार्डाकडे पाहत राहिल्या. चार वर्षं या पोरीला त्यांनी हातावरून बोल लावले होते. आणि पोरगी खरंच, लिहिलं होतं तसंच करत होती.

"मॅडम, पाणी देऊ का?" आचलनं विचारलं.

सुरक्षा अधिष्ठाता डॉ. यशवंत डोंगरवार हे मूळचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, मॅडमचे एम.एस्सी.पासूनचे मित्र. दोघांनी एकाच मेसचं पाणचट वरण खाल्लं होतं. मॅडम तडक त्यांच्या खोलीत गेल्या आणि उभ्या उभ्याच त्यांनी सगळं सांगितलं. डोंगरवारांनी दार लावून घेतलं.

"बस, वंदना. ओरडू नको."

"कुणी बदलला माझा लेख?"

"कुणी नाही. यंत्र बदलतं. कोठीतला प्रत्येक लेख ते वाचतं, त्यातला कळीचा आकडा कोणता ते ओळखतं, आणि वाचणाऱ्याचं कार्ड पाहून तो जरासा हलवतं. अगदी जरासा. वाचताना खरा वाटावा, करताना फसावा इतका."

"मग सरळ कुलूप लावा ना!"

"कुलूप दिसलं की चोराला कळतं, आत माल आहे. त्यापेक्षा दार सताड उघडं ठेवायचं आणि आत खोटं नाणं ठेवायचं. चोर वर्षानुवर्षं तेच वाजवत बसतो आणि स्वतःलाच दोष देतो."

"आचल चोर नाहीये. प्रणय उके चोर नव्हता." प्रणय हा आचलच्या आधीचा विद्यार्थी. त्यालाही मॅडमनी याच प्रयोगावरून अपात्र ठरवलं होतं. आता तो तुमसरला मोबाइलच्या दुकानात काचा बदलून देत होता. "निदान आम्हा गाइड लोकांना तरी सांगायचंत!"

डोंगरवारांनी समोरचा पेपरवेट उगाच फिरवला. "सांगितलं असतं तर तुला जमलं असतं का? तू मनापासून चिडतेस, मनापासून नापास करतेस, म्हणून बाहेर कुणाला शंका येत नाही. शिक्षकाचा राग हाही या सुरक्षाकवचाचाच भाग आहे. आराखड्यात तसं स्पष्ट लिहिलंय."

आपला राग आपला नव्हता, तो कुणीतरी कागदावर आखून दिला होता, हे मॅडमना तेव्हा कळलं.

"पण खरी अडचण वेगळी आहे," डोंगरवार पुढे म्हणाले. "तुझ्या पोरीचा प्रयोग यशस्वी झाला, हे यंत्रानं टिपलंय. पांढऱ्या कार्डाच्या माणसाला यश यायलाच नको. आलं, म्हणजे तिनं खरा आकडा कुठून तरी चोरला; तिनं तो स्वतः शोधला, हे यंत्राच्या हिशेबात बसतच नाही. हा गुन्हा आहे, वंदना. साधा नाही."

"मी सांगितला तिला. लिही तसं. माझ्यावर घे."

"तू कसा सांगशील? तुझ्या आकड्यानं ती बुरशी जगतच नाही. तूच करून पाहिला होतास ना? तुझं अपयशही नोंदलेलं आहे."

मॅडमनी आपलं हिरवं कार्ड काढून पाहिलं.

"म्हणजे माझंही..." मॅडम म्हणाल्या. "हिरवं कार्डसुद्धा?"

"देशात हजारो हिरवी कार्डं आहेत. सगळ्यांवर विश्वास कसा ठेवणार?"

"तो माझा प्रयोग आहे, यशवंत!"

"होता," डोंगरवार म्हणाले. मग त्यांनाच वाईट वाटलं असावं. ते हळू आवाजात म्हणाले, "माझं ऐक. सभेत तिला अपात्र ठरव. प्रयोग फसला, यंत्राची नोंद चुकीची होती, असं लिही आणि रोपं जाळून टाक. पोरगी सुखरूप घरी जाईल. नाहीतर सभेनंतर तपास पथक येईल आणि मग माझ्या हातात काही राहणार नाही."

मॅडमनी आचलला सगळं सांगितलं. नियमाप्रमाणे सांगायला नको होतं, पण चार वर्षं खोटं ऐकवल्यावर एवढं तरी देणं लागतच होतं.

आचल ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे जमलं नाही तर अपात्र, आन् जमलं तर चोर. बाप्पा!"

"मी अपात्र लिहिते. निदान तू तुरुंगात तरी जाणार नाहीस."

"मॅडम, एक विचारू? तुम्ही पहिल्या डावात किती उबेवर केलं होतं? कोठीतलं नका सांगू. तुमचं तुम्ही आठवून सांगा."

मॅडमनी डोळे मिटले. ती जुनी प्रयोगशाळा आठवली, पाण्याची ती पितळी टाकी आठवली, यश आल्यावर गुरुजींनी मागवलेली जिलबी आठवली. तापमापकावरचा पारा काही आठवेना. आठवायला गेलं की डोळ्यांपुढे स्क्रीनवरचं पान यायचं आणि त्यावर लिहिलेलं असायचं एकेचाळीस. आठवणीवर विसंबू नका, नोंद पाहा. इतकी वर्षं त्या इमानेइतबारे नोंद पाहत आल्या होत्या आणि नोंदीनं त्यांच्या डोक्यातला आकडा पुसून तिथं आपला लिहिला होता.

"नाही आठवत गं," त्या म्हणाल्या आणि त्यांना रडू फुटलं. विद्यार्थिनीसमोर त्या पहिल्यांदाच रडल्या.

आचलनं खुंटीवरचा कोट काढला, त्यावरची धूळ झटकली आणि त्यांच्यापुढे धरला. "चला, करून पाहू."

दोघींनी पुन्हा नळ्यांची रांग लावली. गुरुजींची रीत त्या दिवशी मोडली. दोघी एकमेकींना विचारत होत्या, दाखवत होत्या. सुरुवातीला मॅडम प्रत्येक आकडा दोनदा तपासत होत्या. तिसऱ्या नळीपासून हात आपोआप चालू लागला. सभेच्या आदल्या दिवशी त्यांनी झाकण उघडलं. एकोणचाळिसाच्या नळीतली रोपं उभी होती, बाकी सगळीकडे चिखल. एवढंच नाही, मॅडमनी लावलेली रोपं आचलच्या रोपांपेक्षा टवटवीत होती.

मॅडम आपल्या हातांकडे पाहत राहिल्या. हात गेला नव्हता. कधीच गेला नव्हता. मधली सगळी वर्षं मात्र गेली होती, आणि ती कुणाच्या कार्डावर परत मिळणार नव्हती.

"आचल," त्या म्हणाल्या, "दुसऱ्याचा आकडा सांगणं गुन्हा आहे. आपापला वाचणं गुन्हा नाही ना?"

प्रगतीसभा सर्वांना खुली असते. हा नियम जुना. रद्द करायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण एरवी तिकडे कुणी फिरकतच नसे. त्या दिवशी मात्र मॅडमनी सगळ्या विभागांना तर्रीपोह्यांचं आमंत्रण दिलं होतं. विद्यापीठात ज्ञानाला गर्दी होत नाही, पोह्यांना होते. सभागृह भरलं. डोंगरवार पहिल्या रांगेत बसले होते, मांडीवर टॅब, चेहरा ओढलेला. मॅडम शहाण्यासारख्या वागतील अशी त्यांना आशा होती.

आचलनं अहवाल मांडायला सुरुवात करायच्या आत मॅडम उठल्या.

"माझ्या विद्यार्थिनीला पात्र म्हणायचं की अपात्र, हे सांगण्याआधी एक विनंती आहे. तिनं केला तो प्रयोग माझ्या जुन्या लेखातला आहे. सर्वांनी आपापल्या कार्डावर तो उघडा. तिसरा परिच्छेद. काढलात? आता त्यातला उष्णतेचा आकडा मोठ्यानं वाचा. फक्त आपला. शेजाऱ्याचा नाही."

"वंदना," डोंगरवार पुटपुटले. "वंदना, नको."

मागच्या बाकांवरची पोरं उत्साहानं ओरडली, "चौतीस!" त्याच दमात पुढून रसायनशास्त्राचे प्रमुख भेंडारकर सर म्हणाले, "एकेचाळीस." ते मागे वळले. "काय रे, नीट वाचा की!"

"चौतीसच हाय, सर!"

"एकेचाळीस आहे," प्राणिशास्त्राच्या मॅडम म्हणाल्या.

हसू फुटलं आणि लगेच विरलं. पोरांनी टॅब उंचावून दाखवले. भेंडारकर सरांनी आपला दाखवला. पान तेच, डाग तोच, आकडे दोन. सगळ्या सभागृहाला हळूहळू उमगत गेलं, आणि जसजसं उमगलं तसतसे चेहरे उतरत गेले. भेंडारकर सर उभे राहिले. गेली कितीतरी वर्षं त्यांचा एक प्रयोग फसत होता आणि त्यापायी त्यांनी तीन विद्यार्थी बदलले होते. पोह्याची प्लेट खुर्चीवर ठेवून ते झपाझप दाराकडे निघाले. त्यांच्यामागे प्राणिशास्त्राच्या मॅडम. मग एकेक करून सगळेच, ज्याला त्याला आपापल्या खोलीत जाऊन आपापलं तपासायचं होतं. कुणी ओरडलं नाही, घोषणा दिल्या नाहीत. मागच्या बाकावरची एक मुलगी मात्र जागेवरच बसून, तोंडावर ओढणी धरून हुंदके देत होती. तिला त्याच आठवड्यात तिच्या गाइडनं अपात्र ठरवलं होतं.

तीही गेली. सभागृहात तिघंच राहिले आणि तर्री निवू लागली.

"आता तुम्हीच सांगा, सर," मॅडम डोंगरवारांना म्हणाल्या. एवढ्या वर्षांत त्यांनी यशवंतला 'सर' कधी म्हटलं नव्हतं. "काळ्या कार्डावर काय दिसतं? तिनं चोरी केली असेल तर तुमच्या आणि तिच्या आकड्यात फरक नसणार. जुळवून बघा आणि मग खुशाल पथक बोलवा."

डोंगरवारांनी इतके दिवस तो लेख उघडलाच नव्हता. यंत्रानं खूण केली आणि त्यांनी मानली. त्यांच्यालेखी तीच नोंद होती. आता त्यांनी बोट टेकवलं. पान उघडलं. त्यांनी एकदा वाचलं, पुन्हा वाचलं आणि समोरच्या ताटलीतल्या हिरव्या रोपांकडे पाहिलं. ताटलीच्या काठावर आचलच्या अक्षरात चिठ्ठी होती : एकोणचाळीस.

"माझ्यात छत्तीस आहे," ते म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू आला नसता. "काळ्याच्या वर कार्डच नाही. मग खरा आकडा आहे कुणाकडे?"

डोंगरवारांनी टॅब पालथा घातला. बहुधा त्यांना आपलेच जुने निबंध आठवत होते, जे ते अभिमानानं विद्यार्थ्यांना वाचून दाखवत. त्यांनी आचलकडे पाहिलं आणि विद्यार्थ्यानं गुरूला विचारावं तसं चाचरत विचारलं :

"पोरी, तुझा एकोणचाळीस... तो नक्की खरा ना?"

आचलनं ताटली त्यांच्यापुढे सरकवली.

"माझ्यावर काहून विसंबता, सर?" ती म्हणाली. "करून पाहा ना."